शिमग्याची पारध



युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. शिकारीशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आपल्या नायगावच्या त्या ४२ बी.डी.डी. चाळींत एकेका खोलीत गावाकडचे आठ-आठ, दहा-दहा गडी पाळीपाळीने झोपून गेले, आणि शिमगा जवळ आला की त्यांतल्या तळकोकणच्या मंडळींचे निम्मे बोलणे पारधीचे असे. भेकर कुठून उठले, कोणाचा बार फुकट गेला, कोणाचा कुत्रा शेपूट घालून पळाला! आम्ही लहानपणी या गोष्टी ऐकतच झोपलो. त्यांतली एक आज सांगणार आहोत. ती आमची आणि आमच्या वडिलांची आहे.

शिकार म्हटले की आपल्यापुढे संस्थानिक उभे राहतात. ते खोटे नाही. कोल्हापूर दरबारात शिकवून तयार केलेले चित्ते काळविटांवर सोडीत. दाजीपूरचे जंगलही राजांच्या शिकारीचे रान होते. १९५८ साली ते अभयारण्य झाले. आमच्या गावची पारध त्या जातीची नव्हे. होळी झाली की देवळात गाऱ्हाणे घालायचे आणि साऱ्या गावाने रानात शिरायचे. ठासणीच्या बंदुका चार-पाच, त्याही शेत राखण्याच्या परवान्यावर घेतलेल्या. बाकीचे तीस-पस्तीस जण हाकारे. ढोल, पत्र्याचे डबे, काठ्या आणि घसा, एवढीच त्यांची हत्यारे. बंदूकवाल्यांनी ठरल्या जागी वाऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि हाकाऱ्यांनी पलीकडून रान उठवीत यायचे.

यातली वाटणी ही आम्हांला खरी पाहण्यासारखी गोष्ट वाटते. भेकर ते केवढे? वीस-पंचवीस किलोचे जनावर. आधी देवाचा मान, मग ज्याचा बार लागला त्याचा थोडा जादा वाटा, आणि उरलेल्याचे सारखे भाग. डबा वाजविणाऱ्या पोराला वाटा, आणि पाय मुरगळून वाटेत बसला त्यालाही वाटा. एकेकाच्या हाती जेमतेम मूठभर मांस येई. पण ते मोजून येई. मुंबईच्या गिरणीत आल्यावर या माणसांनी नफ्यातला हिस्सा मागितला, तेव्हा त्यांना कोणी बाहेरच्याने भडकविले असे मालक म्हणत. मालकांनी आमच्या गावची पारध पाहिलेली नव्हती, एवढेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटले, घरातली भांडी गेली, आणि हजारोंप्रमाणे आमचे वडीलही गावची वाट धरून गेले ते परत आले नाहीत. आम्ही चौदा वर्षांचे. चुलत्यांच्या खोलीत राहिलो आणि पुढे चळवळीत पडलो. चाळीत कोणीसे सांगितले, "गावी जाण्याआधी तुझा बाप गिरणीच्या गेटातून आत जाताना दिसला होता." संपाच्या दिवसांत याचा अर्थ एकच होतो. आम्हीही तोच घेतला. पुढली सहा-सात वर्षे वडिलांशी आम्ही कामापुरतेच बोललो.

१९८९ च्या शिमग्यात आम्ही एकवीस वर्षांचे होतो. त्या साली वडिलांनी बंदूक आमच्या हाती दिली आणि आपण हाकाऱ्यांत गेले. तो गुन्हा होता, हे येथेच सांगून टाकतो. परवाना त्यांच्या नावचा, तोही शेतापुरता. भेकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण होते, आणि त्याआधी मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होताच. गावात हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही.

ठासणीच्या बंदुकीचे असे असते, की दारू ओतायची, वर बोळा, गजाने ठासायचे, मग छरे, पुन्हा बोळा, शेवटी केप. एवढे करून बार एकच. तो चुकला की सारे पहिल्यापासून. म्हणून नवखा माणूस घाई करतो. निघताना वडील एवढेच म्हणाले, "नुसतो आवाज आयकान बार घालू नको."

फाल्गुनात ऐना-किंजळीचा पाला वाळून खाली पडलेला असतो. रानमांजर चालले तरी म्हैस आल्यासारखे वाजते. हाका एकाएकी थांबला. समोरच्या करवंदीच्या जाळीत पाला वाजला, थांबला, पुन्हा वाजला. काहीतरी तांबूस हलले. भेकर तांबूसच असते. आम्ही घोडा मागे ओढला, नेम धरला आणि चापावर बोट ठेवले.

तेवढ्यात जाळीतून खोकला आला.

तो खोकला कापसाच्या धुळीचा होता. नायगावच्या खोलीतल्या अंधारात बारा-तेरा वर्षे ऐकून तो आम्हांला पाठ झालेला होता. जनावर दुसऱ्या अंगाने गेले हे सांगायला वडील रांग सोडून पुढे आले होते, आणि त्यांच्या डोकीला तांबडा पंचा होता.

दशरथाने नदीकाठी घडा बुडाल्याच्या आवाजावर बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा मुलगा मारला. ती कथा कीर्तनात ऐकताना आम्हांला वाटे, एवढा मोठा राजा, त्याला क्षणभर थांबून पाहता येऊ नये? त्या दिवसापासून तसे वाटत नाही.

वडील बाहेर आले. उभारलेला घोडा त्यांनी पाहिला. बंदूक आमच्या हातून घेतली, केप काढून खिशात टाकली आणि शेजारी धोंड्यावर बसले. आमचे हातपाय कापत होते. का कोण जाणे, त्याच वेळी आम्ही विचारले, "बाबा, तुम्ही संपात गिरणीत कशाला गेला होता?"

"हिशेबाक गेल्लंय," ते म्हणाले. "तुझ्या आवशीच्या औषदाक पैसे होये होते. मेळाक नाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "माका कधी इचारलंस?"

भेकर त्या दिवशी दुसऱ्याच्या बाराने पडले. संध्याकाळी आमच्या घरी दोन वाटे आले, एक बापाचा आणि एक लेकाचा. आई तेव्हा हयात नव्हती, वडिलांनीच रांधले.

१९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची वाटही बंद झाली. ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. आज माकडे आणि डुकरे बागायती उठवितात, म्हणून कोकणात बंदुकांची मागणी होते. शेतकऱ्याला पुरती आणि वेळेवर भरपाई मिळावी म्हणून आम्ही कोणाबरोबरही भांडू. भेकराच्या पारधीसाठी भांडणार नाही.

वडील गेल्यावर परवाना आपल्या नावावर करून घ्या, असे भावकीने सुचविले. आम्ही बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. तेथल्या हवालदाराने विचारले, "भरलेली नाही ना?" आम्ही नळीत गज घालून, तो तळापर्यंत जातो हे त्याला दाखविले.