निबंध लिहायला शिकताना : एका विषयाची गोष्ट

आजचा विषय निबंध. शाळेतला 'पावसाळ्यातील एक दिवस' नव्हे, तर संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला. तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. हा पेपर मराठीतून लिहिता येतो. पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत छापलेली असते, मराठीत नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मी स्वतः या परीक्षेत पास झालेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीन वेळा मुख्य परीक्षा दिली. आता गेली काही वर्षं इतरांचे निबंध तपासतो. तेव्हा मी सांगतो ते यशाचं रहस्य वगैरे नाही. चुका कुठे होतात हे मला जवळून माहीत आहे, एवढंच.

एकाच विषयाची गोष्ट सांगतो. २०१७ च्या पेपरात एक विषय होता. त्याचा आशय असा, की भारतातल्या अधिकांश शेतकऱ्यांचा निर्वाह चालवण्याची क्षमता शेतीने गमावली आहे. चार-पाच वर्षांनी मी तो सरावाला घेतला. मी बऱ्हाणपूरकडचा. घरी तीन एकर, केळी आणि थोडा कापूस. मला वाटलं, हा तर आपल्या घरचा विषय, हा कोण चुकवणार? दीड तासात साडेअकराशे शब्द लिहून काढले. कर्जबाजारीपणा, हमीभाव, हवामानबदल, सिंचन, दलाल, आत्महत्या, शेवटी सेंद्रिय शेती आणि 'तरुणांनी पुढे यावे'. सुरुवातीला एका थोर पुरुषाचं वचन. ते त्यांनी खरोखर कधी उच्चारलं होतं का, देव जाणे. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये होतं, म्हणून घातलं.

ज्या निवृत्त शिक्षकांकडे मी वही तपासायला दिली, त्यांनी गुण दिलेच नाहीत. तिसऱ्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, 'विषय वाचलात का?'

मला राग आला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा तो निबंध आप्पांना वाचून दाखवला, म्हटलं, बघू तरी. आप्पा शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एवढी जर शेती वाईट, तर मी करतो कशाला, ते नाही लिहिलंस."

मी म्हटलं, "मग का करता?"

तर म्हणाले, "शेती कुठं आपल्याला पोसते? आपण तिला पोसतो. गेल्या साली वाऱ्यानं केळी आडवी झाली, तेव्हा खताचे पैसे कोणी दिले? तुझ्या भावानं."

माझा भाऊ बऱ्हाणपुरात पॉवरलूमवर काम करतो. त्याच्या पगारातून खत, ठिबकच्या नळ्या, डिझेल. हे मी लहानपणापासून बघत होतो आणि साडेअकराशे शब्दांत त्याचा एक शब्दही नव्हता.

मग मी विषय पुन्हा काढला आणि पहिल्यांदा तो नीट वाचला. माझ्या मते निबंधाचं निम्मं काम इथे होतं, आणि बहुतेक जण या कामाला दोन मिनिटंही देत नाहीत. कसं वाचायचं ते सांगतो. आधी विषयाचं स्वतःच्या मराठीत भाषांतर करायचं, कागदावर, पूर्ण वाक्यात. प्रश्नपत्रिका मराठीत नसणं हा तोटा आहे असं सगळे म्हणतात. मला तर तो फायदा वाटतो. भाषांतर करताना प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागतं. कुठल्या शब्दाला मराठी शब्द चटकन सापडत नाही? बहुधा विषयाची कळ तिथेच असते.

या विषयात तीन शब्द अडवतात. पहिला 'निर्वाह'. निर्वाह म्हणजे नफा नव्हे. पोट भरणं, अंगभर कपडा, आजारपणाला चार पैसे. मी लिहिलं होतं ते नफ्याबद्दल. दुसरा, 'अधिकांश'. सगळे नाहीत. मग कोण? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातली सुमारे ८६ टक्के खाती अल्प आणि अत्यल्प भूधारकांची आहेत, म्हणजे दोन हेक्टरच्या आतली. बोलायचं ते यांच्याबद्दल. द्राक्ष निर्यात करणाऱ्या बागायतदाराबद्दल नव्हे. तिसरा शब्द सगळ्यात लबाड आहे : 'गमावली'. जे गमावलं ते आधी होतं असं यात गृहीत आहे. होतं का? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. त्यातला शेतकरी काही सुखाने निर्वाह करणारा नाही. म्हणजे 'पूर्वी सगळं छान होतं, आता बिघडलं' असं सरळ लिहून टाकायची सोय नाही. विषयाशी थोडं भांडावं लागतं. भांडायला परवानगी असते बरं का. विषयाला होकार दिलाच पाहिजे असा नियम नाही.

असं वाचून झालं की लगेच लिहायला घ्यायचं नाही. एका निबंधाला दीड तास मिळतो. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं मी मागच्या कोऱ्या पानावर घालवतो. तिथे मुद्दे लिहायचे नाहीत, प्रश्न लिहायचे. मुद्दे लिहिले की हात आपोआप राजकीय, आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय अशा खणांकडे जातो, आणि मग प्रत्येक खणात काहीतरी कोंबलं जातं. मी त्या दिवशी प्रश्न लिहिले ते असे : शेती पोसत नसेल तर लोक जगतात कशावर? परवडत नसताना सोडत का नाहीत? जमीन विकली तर काय हातचं जातं? भावाचा पगार बंद झाला तर शेतीचं काय होईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आकडेवारी मिळाली, २०१८-१९ ची. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात पिकांपासून, खर्च वजा जाता, ३,७९८ रुपये. आणि मजुरी-पगारातून ४,०६३. पुन्हा बघा. शेतकरी म्हणवणाऱ्या कुटुंबात मजुरीचा वाटा पिकापेक्षा मोठा. आप्पा ओट्यावर बसून जे बोलले, तेच सर्वेक्षणात आकड्यांत मांडलेलं होतं. निबंधात आकडा असा हवा. पहिल्या वहीत मी अकरा आकडे दिले होते, त्यातला एकही कशाचं उत्तर नव्हता.

दुसरा आकडा जमिनीचा. १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.०८. म्हणजे जेमतेम पावणेतीन एकर. पंचेचाळीस वर्षांत तुकडा निम्म्याहून लहान झाला.

एवढं हातात आलं की एक वाक्य लिहायचं. एकच. निबंध वाचून झाल्यावर परीक्षकाने शेजारच्याला 'हा काय म्हणतोय' हे सांगायचं ठरवलं, तर तो जे सांगेल ते वाक्य. माझं असं झालं : अधिकांश शेतकरी आज शेतीवर जगत नाहीत, शेती आणि मजुरी मिळून जगतात, पण आपली धोरणं त्यांना अजून फक्त शेतकरी समजतात. यावर कोणी वाद घालू शकतो, म्हणून हे वाक्य चांगलं. 'शेतीच्या समस्या बहुआयामी आहेत' यावर कोण वाद घालणार? ते कोणीच वाचत नाही.

आता परिच्छेद. तुमचा एखादा जुना निबंध घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तो काय सांगतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. मग तिसरा आणि सहावा परिच्छेद यांची अदलाबदल करून बघा. काही बिघडलं नाही, तर तो निबंध नाही, किराणा मालाची यादी आहे. माझ्या पहिल्या वहीत कुठलाही परिच्छेद कुठेही ठेवता येत होता. दुसऱ्या वेळी तसं जमेना. तुकडा लहान झाला, म्हणून मजुरी आली. मजुरी आली, म्हणून शेतीतला तोटा सोसता येऊ लागला. सोसता येतो म्हणून, आणि जमीन हीच म्हातारपणाची तरतूद आणि सोयरिकीची पत म्हणून, कोणी ती सोडत नाही. आणि म्हणून नुसत्या हमीभावाने या घराचं फार भागत नाही, कारण विकायला माल थोडा. त्याला जवळच्या गावात बारमाही कामही लागतं. इथे एक पायरी काढली की पुढची कोसळते.

भाषेबद्दल थोडं. आमच्या क्लासात शिकवलेली मराठी ही सरकारी परिपत्रकाची मराठी होती. माझ्याच पहिल्या वहीतलं वाक्य : 'कृषी क्षेत्राच्या अनुषंगाने शासनाच्या माध्यमातून विविध योजना राबविण्यात येत असून त्यांचा लाभ तळागाळापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.' कोणी काय केलं? कोणाला काय मिळालं नाही? काही कळत नाही. तेच दुसऱ्या वहीत : 'ठिबकचं अनुदान मिळतं, पण आधी सगळे पैसे शेतकऱ्याने भरायचे आणि मग वाट बघायची. ज्याच्या घरात पगार येतो तोच वाट बघू शकतो.' शब्द जवळपास तेवढेच. 'अनुषंगाने', 'माध्यमातून', 'दृष्टिकोनातून' हे तीन शब्द महिनाभर वापरायचे नाहीत असं ठरवून बघा. पहिले आठ दिवस हात अडखळतो.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांना एक भीती असते, आपली मराठी हिंदी-मिश्रित आहे, गुजराती वळणाची आहे. माझीही होती. 'मला हे करायचं आहे' ऐवजी 'मला हे करणं आहे' असं अजूनही तोंडून जातं. ते दुरुस्त करता येतं, दोन-तीन महिन्यांचं काम आहे. पण ज्या भाषेत तुम्ही घरच्यांशी भांडता त्या भाषेत लिहा. ती मराठी नसेल तर खुशाल दुसरी निवडा. अभिमानापोटी माध्यम निवडून गुण घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि ओळख उघड होईल असं काही परीक्षेत लिहायचं नसतं, त्यामुळे आप्पा, भाऊ, तीन एकर हे जसंच्या तसं जात नाही. 'मध्य प्रदेशातला एक केळी उत्पादक, ज्याचा मुलगा यंत्रमागावर काम करतो' एवढं पुरतं.

शेवटची पाच-दहा मिनिटं वाचायला राखून ठेवा. परीक्षेत मनातल्या मनात, पण घरी सराव करताना मोठ्याने, आणि शक्यतो ज्याला विषय माहीत आहे अशा माणसासमोर. फुल्यांनी 'असूड' छापण्याआधी त्यातले भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला होता. मी दुसरी वही आप्पांना वाचून दाखवली. ते मध्येच थांबवून "हे बरोबर", "हे पुन्हा वाच" असं म्हणत होते. संपल्यावर मी विचारलं, आता?

"ठीक आहे," म्हणाले. "पण पाण्याचं काय? बोअर पाचशे फुटावर गेली, तिचे पैसेही भावानंच दिले. ते कुठाय?"

खरंच नव्हतं. मजुरीच्या आणि हमीभावाच्या मध्ये एक परिच्छेद घालावा लागला, आणि त्यासाठी क्लासातून घेतलेला हवामानबदलाचा एक अख्खा परिच्छेद काढला.

पुढच्या भागात याच वहीची सुरुवात आणि शेवट घेऊ. तोवर तुमचा एक जुना निबंध काढून समासात लिहून ठेवा. नमस्कार.