गुडघा नवा, वेदना जुनी
(व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. उजवा जून २००१ मध्ये. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन रानावत हे १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये वापरात आलेल्या कृत्रिम गुडघ्याचा आराखडा ठरविणाऱ्यांपैकी एक होत. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली.

ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते. तरीही निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत सुमारे पाचांपैकी एक रुग्ण असमाधानी आढळला आहे. एक्स-रे निर्दोष, जखम भरलेली, पण दुखणे कायम! असे का व्हावे?

दुखते गुडघ्यात, पण ती जाणीव घडते मेंदूत. वर्षानुवर्षे दुखणे सोसलेल्या माणसाची मज्जासंस्था अतिसंवेदनशील होऊ शकते. मग मूळ कारण दूर झाले तरी ती इशारा देतच राहते. चिंता व झोपमोड त्यात भर घालतात.

१९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूच्या कार्याचे चित्र घेण्याची वाट दाखविली. अशा एमआरआय चित्रांवरून, कोणाचे दुखणे मागे राहील हे शस्त्रक्रियेपूर्वीच ओळखता येईल काय, याचा शोध संशोधक घेत आहेत. मात्र या चित्रावरून एखाद्या रुग्णाचा निर्णय घ्यावा, इतकी खात्री अजून आलेली नाही. उद्या ती आली, तरी तिचा उपयोग उपचार नाकारण्यासाठी नव्हे, तर अशा रुग्णाला अगोदरच मदत देण्यासाठी व्हावा.

तोवर आपल्या हाती काय आहे? घाटी असो वा खासगी दवाखाना, डॉक्टरांना आधीच विचारा: जमिनीवर बसता येईल काय? सजदा करता येईल काय? अनेकांना पुढे खुर्चीवर बसूनच नमाज अदा करावी लागते. हे अगोदर कळले तर नंतरची निराशा टळते. कारण समाधान हे पुष्कळसे अपेक्षेवर अवलंबून असते. सांगितलेला व्यायाम चुकवू नका. आणि अम्मी “अजून दुखते” म्हणाल्या, तर “एक्स-रे ठीक आहे, उगीच कुरकुर करता” असे म्हणू नका. त्यांची वेदना खरी आहे. त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न केवळ हाडांच्या डॉक्टरांचा नाही. त्याला भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र लागते. मेडिकलला प्रवेश मिळाला नाही म्हणजे रुग्णसेवेचे दार बंद झाले, असे समजू नका. पालकांनीही मुलामुलींना तसे समजू देऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.