लायकीचा प्रश्न

(एलूल महिन्यातील महिला सभेत दिलेले भाषण)



सेलिहोथचे दिवस सुरू आहेत. वर्षभराच्या चुकांचा हिशेब मांडण्याच्या या काळात, सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त परिचारिकेने उभे राहून अमेरिकन चित्रपटाविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. तो चित्रपट पाहण्यापूर्वी मलाही ते खटकलेच असते.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी हब्दाला झाल्यावर माझ्या नातीने मला ‘वंडर वुमन’ पाहावयास बसविले. २०१७ सालचा हा चित्रपट पॅटी जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केला आहे. नायिका आपल्या रोश हाआयिनची मुलगी गाल गादोत. काही दृश्यांचे पुन्हा चित्रण झाले तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती, असे नातीने सांगितले. तेवढ्यापुरते माझ्यातील परिचारिकेचे लक्ष वेधले गेले. एरवी तोकडे कपडे, स्फोट आणि धूर यांपलीकडे काही असेल असे मला वाटले नाही. म्हणून मी विणकाम घेऊन बसले. दोन तास वीस मिनिटांत ते बोटभरही पुढे सरकले नाही.

कथा पहिल्या महायुद्धातील आहे. डायना ही एका अज्ञात बेटावर वाढलेली योद्धी. साऱ्या युद्धांच्या मुळाशी युद्धदेव एरीस असून त्याला मारले की माणसे पुन्हा सज्जन होतील, अशी तिची भाबडी श्रद्धा आहे. ती बेल्जियममधील खंदकात पोहोचते. तेथे एक बाई, कडेवर मूल घेऊन, आपल्या गावाची दैना तिला सांगते. सोबतचा अधिकारी समजावतो की प्रत्येकाला वाचविणे शक्य नाही, आपले काम दुसरे आहे. तो चुकीचे बोलत नाही. एकाच वेळी अनेक जखमी येतात तेव्हा कोणाकडे आधी धावायचे हे आम्हालाही ठरवावे लागते, आणि ते ठरवताना मन घट्ट करावे लागते. तरीही डायना शिडी चढून मशीनगनच्या माऱ्यात एकटी चालू लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले.

ते गाव सुटते, आणि नंतर विषारी वायूने मरते. मस्टर्ड वायू १९१७ पासून खरोखरच वापरला गेला. त्याची बाधा काही तासांनी दिसते. त्वचेवर फोड येतात, डोळे सुजून मिटतात, श्वासनलिका सोलवटते. चित्रपटात असा वायू बनविणारी स्त्री आहे, डॉक्टर मारू.

डायना जनरल लुडेनडॉर्फला एरीस समजून ठार मारते, पण युद्ध थांबत नाही. इतिहासातील लुडेनडॉर्फ १९३७ पर्यंत जगला आणि १९२३ च्या म्युनिकमधील उठावात हिटलरच्या बरोबर होता. ही सूट चित्रपटाने घेतली आहे. शेवटी खरा एरीस डायनासमोर मारूला टाकतो आणि सुचवितो की ही माणसे दयेच्या लायकीची नाहीत, मार हिला. डायनाने रणगाडा डोक्यावर उचललेला. खाली मारू, चेहऱ्यावरचा अर्धा मुखवटा उडालेला, व्रण उघडे पडलेले. नातीला तेथे खलनायिका दिसत होती. मला एक रुग्ण दिसला. डायना रणगाडा बाजूला टाकते. लायकी हा प्रश्नच नव्हे, हे तिला उमगलेले असते.

आता जे सांगते ते मी आजवर घरीही सांगितलेले नाही.

तीसएक वर्षांपूर्वी याच देशातील एका रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. मद्य पिऊन गाडी चालविताना एका मायलेकरास धडक दिलेला इसम माझ्या वॉर्डात होता. लेकरू वरच्या मजल्यावर अत्यवस्थ होते. शस्त्रक्रियेनंतर या माणसाचे तोंड कोरडे पडले होते; ओल्या कापसाने ओठ भिजवून द्यावेत, एवढ्यासाठी तो घंटा वाजवीत होता. मी ती ऐकली. मी मोकळी होते. तरी वीस मिनिटे मी जागची उठले नाही. मनात म्हणत होते, वाजव, तुझी हीच लायकी.

त्याच्या प्रकृतीला काही अपाय झाला नाही. माझ्या नोंदीत चूक नव्हती, म्हणून कोणी विचारलेही नाही. पण पदविका घेताना मी जे व्रत स्वीकारले होते, ते त्या वीस मिनिटांत मोडले. त्याला शिक्षा देणे न्यायालयाचे काम होते. माझे काम ओला कापूस होते.

आपले पूर्वज ज्याला दारफळणीचा सण म्हणत, त्या योम किप्पूरला मिनहाच्या वेळी आपण योना नबीची कथा ऐकतो. निनवेच्या लोकांना क्षमा मिळाली म्हणून योना रागावतो. त्याच्या मते ते तिच्या लायकीचे नव्हते. ग्रंथ देवाच्या प्रश्नावर संपतो. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. लहानपणी मला वाटे, एखादे पान गळाले असावे. आता वाटते, ते उत्तर ज्याचे त्याने द्यायचे आहे.

येथे बसलेल्या कित्येक भगिनी घरी कोणा ना कोणाची शुश्रूषा करीत आहेत. त्यांतील काहींनी तुम्हाला एकेकाळी फार दुखविले असेल. ते मी जाणते. ते विसरा असे मी म्हणत नाही. त्यांनी पाणी मागितले तर मात्र वीस मिनिटे थांबू नका.

शाना तोवा.