मेन बेअरिंगचा क्लिअरन्स: भांडण अर्ध्या थाऊचं

आजचा भाग रेसिंगवर आहे, पण ट्रॅकवर जायचं नाहीये, इंजिनाच्या पोटात जायचंय. प्रश्न एकच: रेसचं इंजिन बांधताना मेन बेअरिंगमध्ये फट किती ठेवायची? शॉपमध्ये या फटीला क्लिअरन्स म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा आकडा चुकला तर लाखो रुपयांचं इंजिन पहिल्याच दिवशी जाम होऊ शकतं. आणि बरेच जण तो कुठूनतरी उचलतात. आम्ही कोडवाले नेटवरचं उत्तर कॉपी-पेस्ट करतो ना, अगदी तसंच.

आधी थोडी ओळख करून घेऊ. पिस्टन वर-खाली होतात आणि त्यातून गोल फिरतो तो क्रँकशाफ्ट. हा क्रँक ब्लॉकमध्ये जिथे टेकून फिरतो, ती मेन बेअरिंग. तुमच्या स्प्लेंडरमध्ये क्रँक बॉल बेअरिंगवर असतो, म्हणून आजचं गणित तिला लागू नाही. पण बहुतेक सगळ्या कारमध्ये तिथे गोळ्या-बिळ्या काही नसतात. धातूच्या दोन पातळ, अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना शेल म्हणतात. आणि मध्ये तेल. बस, एवढंच.

उदाहरण घेऊ शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ चं, म्हणजे स्मॉल ब्लॉक ३५०. अमेरिकेत हौशी रेसर वर्षानुवर्षं हे इंजिन बांधत आलेत. क्रँकचा जो भाग मेन बेअरिंगमध्ये बसतो, तो जर्नल. त्याचा व्यास सुमारे २.४५ इंच, म्हणजे ६२ मिलिमीटर. ७५०० आरपीएमला या जर्नलचा पृष्ठभाग ताशी साधारण ८८ किलोमीटर वेगाने पळत असतो. आणि फट किती? अडीच थाऊ! थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अडीच थाऊ म्हणजे जवळपास ६३ मायक्रॉन, डोक्याच्या एका केसाच्या आसपास. तीही दोन्ही बाजूंची मिळून.

आता एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं की ऑइल पंपाचं प्रेशर क्रँकला उचलून धरतं. तसं नाही. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल उलट त्याच भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते निघून आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर! शेवटी गेज लावला, तर काटा २०० पीएसआयच्या पुढे गेला. हे प्रेशर कुठल्याही पंपाचं नव्हतं. फिरणारा शाफ्ट तेलाला अरुंद जागेत ओढतो, तिथे तेलाची पाचर तयार होते आणि ती पाचर शाफ्टला तोलून धरते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. म्हणजे पंपाचं काम तेल पोचवायचं, उचलायचं काम पाचरीचं. आणि ती पाचर कशी बनणार, ते ठरतं फट आणि तेलाचा घट्टपणा या जोडीवर. यातली एकच गोष्ट सुटी ठरवता येत नाही.

आता खरी ओढाताण बघा. फट वाढवली की कडेने जास्त तेल गळतं, आणि ते फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोन थाऊचे अडीच केले की गळती जवळपास दुप्पट, तीन केले की जवळपास साडेतीनपट, बाकी सगळं तेच ठेवून. थोडं जास्त तेल वाहिलं तर चांगलंच, ते उष्णता घेऊन जातं. पण पंप पुरला नाही तर प्रेशर पडतं, आणि मेनमधून पुढे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला जाणारं तेल कमी पडतं.

उलट फट कमी केली तर? तेल त्या पातळ थरात घोटलं जातं, तापतं, पातळ होतं. ताकद घर्षणात जाते. शिवाय ७५०० आरपीएमला क्रँक काही सरळ दांडा राहत नाही, तो वाकतो, ब्लॉकही किंचित पिळवटतो. फटीत तेवढी जागा नसेल तर धातूला धातू लागतो. मग शेल जागच्या जागी फिरतं आणि इंजिन संपलं.

मग आकडा ठरवायचा कसा? जुना अंगठ्याचा नियम असा: जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाऊ, आणि रेससाठी वर अर्धा थाऊ. आपल्या ३५० ला तो अडीच ते तीन थाऊ येतो. पण ही फक्त सुरुवात आहे. यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारायचे.

पहिला, तेल कुठलं? २०डब्ल्यू-५० सारखं जाड असेल तर अडीच-तीन चालतील. ०डब्ल्यू-२० सारखं पातळ वापरून ताकद वाचवायची असेल तर दोनच्या आसपास यावं लागतं, आणि मग बाकी सगळं काम तितकंच काटेकोर हवं.

दुसरा, ब्लॉक कशाचा? ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२ मिलिमीटरवर ८० अंशांचा फरक धरला तर कागदावर दोन थाऊंहून जास्त फट वाढते. प्रत्यक्षात कमी वाढते, कारण कॅप बऱ्याचदा स्टीलच्या असतात. पण वाढते नक्की. म्हणून ॲल्युमिनियममध्ये थंड असताना फट कमी ठेवतात. फॉर्म्युला वनमध्ये इंजिन चालू करण्याआधी पाणी आणि तेल गरम करून फिरवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरा, भार किती? टर्बो आहे का, आरपीएम किती नेणार? चौथा, पंप किती तेल देतो? दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा हिशेब रेसवाले अजून वापरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मोजमाप. आपण भांडतोय अर्ध्या थाऊवर, म्हणजे १३ मायक्रॉनवर. क्रँक उन्हात पडलाय आणि ब्लॉक सावलीत, दोघांत दहा अंशांचा फरक. तेवढ्यानेच जर्नल ७ मायक्रॉन मोठा दिसतो. निम्मं भांडण तिथेच संपलं! म्हणून दोन्ही भाग रात्रभर एकाच खोलीत ठेवायचे. कॅप अगदी शेवटी जे बोल्ट लागणार तेच लावून, त्याच वंगणाने, पूर्ण टॉर्कला आवळायच्या. जर्नल मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्याच मायक्रोमीटरवर बोअर गेजचा शून्य धरायचा. म्हणजे उपकरणाची चूक दोन्हीकडे सारखी येते आणि वजाबाकीत उडते. माप उभ्यात घ्यायचं, दोन शेल जुळतात त्या रेषेजवळ नाही, कारण तिथे शेल मुद्दाम पातळ केलेलं असतं. प्लॅस्टिगेज, म्हणजे ती दबणारी मेणासारखी दोरी, पडताळणीला ठीक. पण त्या एकट्यावर रेस इंजिन बांधू नका.

फरक निघाला तर लगेच क्रँक घासायला धावायचं नाही. एक थाऊ जादा फट देणारी शेल मिळतात. एक अर्धं शेल साधं आणि एक अर्धं जादाचं लावलं की अर्धा थाऊ मिळतो. जपानी कंपन्या कारखान्यातही हेच करतात, वेगवेगळ्या जाडीच्या शेलना रंगांच्या खुणा देऊन.

तर मंडळी, कुणी तुम्हाला नुसतं ‘अडीच थाऊ ठेव’ म्हणालं, तर उलट विचारा: तेल कुठलं, ब्लॉक कशाचा, आणि मोजलं कशाने? उत्तरं मिळाली तर तो आकडा कामाचा. नाही मिळाली आणि तुमच्याकडे एकच ब्लॉक असेल, तर तुमच्या हिशेबातल्या मर्यादेच्या सैल बाजूला राहा. सैल फटीचा त्रास ऑइल गेजवर आधी दिसतो, इंजिन बंद करायला वेळ मिळतो. घट्ट फट बहुतेक वेळा तेवढाही वेळ देत नाही. आणि पाचही मेनची मापं, तापमान आणि तेलाचा ग्रेड एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा शेलवरच्या खुणा त्या कागदाशी ताडून बघा. तुमच्या इंजिनाचा खरा आकडा तिथेच सापडेल.

पुढच्या भागात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे वळू. प्रश्न असतील तर पाठवा. तोवर भेटू, ऐकत राहा!