कान भरणारा आणि कान देणारे

 हातातलं काम चालू राहू द्या, ज्वारी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. आज आम्ही नाटकातल्या एका खलनायकाविषयी बोलणार आहोत. तलवार घेऊन धावणारा, मिशीला पीळ देणारा हा खलनायक नव्हे. हा कान भरतो. याच्यामुळे एक घर उद्ध्वस्त होतं, आणि तोवर सगळे त्याला भला माणूस समजत असतात.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथे 'सीता स्वयंवर' केलं. त्याच सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे, हरिपूर आहे. त्या हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीवर 'शारदा' नाटक लिहिणारे तेच हे देवल. त्यांनी १८९० साली 'झुंझारराव' नाटक आणलं. गोष्ट मूळची इंग्रज नाटककार शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची, देवलांनी तिला मराठी पेहराव दिला. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाचं काम गाजवलं. शाहूनगर हे साताऱ्याचंच जुनं नाव. म्हणजे ही गोष्ट आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या ओळखीची आहे.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा मोठा सेनापती. डेस्डेमोनानं बापाचा विरोध पत्करून त्याच्याशी लग्न केलं. सेनापतीच्या हाताखाली यागो नावाचा माणूस आहे. त्याला बढती हवी होती, ती कॅशिओ नावाच्या दुसऱ्याला मिळाली. इथून त्याचं पोट दुखायला लागतं.

मत्सर कसा असतो बघा. बढती गेली एवढं एक कारण त्याला पुरत नाही. माझ्या बायकोवर सेनापतीचा डोळा होता, असंही तो स्वतःलाच सांगतो. पुरावा काही नाही. मग कॅशिओवरही तसाच संशय घेतो. जळणाऱ्या माणसाला कारण लागत नाही, तो जळत असतो आणि कारणं गोळा करत असतो. शेजारणीच्या म्हशीनं दोन लिटर दूध जास्त दिलं म्हणून आपल्या म्हशीचं कमी होत नाही. पण मत्सराला हा हिशोब कळत नाही.

आता त्याची रीत ऐका. तो आधी कॅशिओला दारू पाजून भांडणात अडकवतो, त्याचं पद घालवतो. मग त्यालाच सांगतो, सेनापतीच्या बायकोकडे जा, ती दयाळू आहे, तुझ्यासाठी शब्द टाकेल. ती खरंच शब्द टाकते. तिचा चांगुलपणाच तिच्या गळ्याचा फास होतो. कॅशिओ तिच्याशी बोलून निघाला, की यागो सेनापतीजवळ नुसता पुटपुटतो, हे काही मला बरं दिसत नाही. पुढे विचारलं तर म्हणतो, छे, काही नाही. अर्धं बोलायचं आणि गप्प बसायचं. उरलेलं अर्धं ऐकणारा स्वतःच्या मनात तयार करतो, आणि स्वतः तयार केलेलं कुणालाही खरंच वाटतं. वर यागो सांगतो, संशयापासून जपा हं. विष देणाराच पथ्य सांगतो.

आपल्याकडेही हीच वाक्यं फिरतात. 'मला काय करायचंय, पण तुझ्या कानावर असावं म्हणून सांगते.' 'माझं नाव घेऊ नकोस हं.' माझं नाव घेऊ नकोस, हे ऐकलं की तिथेच थांबावं. बोलणं खरं असेल तर नावाची भीती कशाला?

आता रुमालाकडे येऊ. नवऱ्यानं प्रेमानं दिलेला रुमाल डेस्डेमोनाच्या हातून खाली पडतो. यागोची बायको एमिलिया तो उचलते. नवरा कितीदा मागत होता, म्हणून त्याला देते. तो कशासाठी मागतो हे तिला माहीत नाही. यागो तो कॅशिओच्या खोलीत टाकतो आणि सेनापतीला पटवतो, की बायकोनं तो कॅशिओला दिला. पुढे सेनापती बायकोवर ओरडतो, रुमाल कुठे आहे? त्याआधीच त्या बिचारीनं एमिलियाला विचारलेलं असतं, रुमाल कुठे हरवला असेल गं? आणि एमिलिया म्हणालेली असते, मला माहीत नाही.

मैत्रिणींनो, आमच्या मते सगळं नाटक या ठिकाणी फिरतं. एमिलिया वाईट बाई नाही. तिचा बाईसाहेबांवर जीव आहे. पण नवऱ्याच्या धाकानं म्हणा, उगीच वाद नको म्हणून म्हणा, ती एक वाक्य गिळते. ते वाक्य तिथे निघालं असतं तर यागोचा डाव उघडा पडला असता. ती बोलते, पण शेवटी, डेस्डेमोनाचा श्वास नवऱ्यानं कोंडल्यानंतर. तेव्हा मात्र ती कुणाला भीत नाही, आणि यागो तिलाही मारतो. सत्य कळल्यावर सेनापती स्वतःचा जीव देतो.

सेनापतीनं बायकोला काहीच विचारलं नाही असं नाही. त्यानं आरोप केले, चारचौघांत हात उचलला. एमिलियालाही विचारलं. तिनं शपथेवर सांगितलं, बाईसाहेब निर्दोष आहेत. त्यानं मानलं नाही. पण कुणी काय सांगितलं, कुणाच्या नावानं सांगितलं, हे मोकळेपणानं समोर ठेवलं नाही. ठेवलं ते मारायचं ठरवून झाल्यावर.

याच देवलांनी संशयावर दुसरं नाटकही लिहिलं. आधी ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं १८९३ साली आलं, आणि देवल वारले त्याच १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आणलं. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि तिचा नवरा फाल्गुनराव संशयानं वेडापिसा होतो. कृत्तिकाही नवऱ्यावर तितकीच संशय घेते. पण तिथे आपण पोट धरून हसतो. फरक कुठे पडला? एक तर ती तसबीर चुकून पडलेली होती, घर मोडायच्या हेतूनं कुणी ठेवलेली नव्हती. आणि दुसरं, तिथली माणसं बोलतात, भांडतात, पण शेवटी समोरासमोर येतात. तसबीर कुणाची, कुठून आली, हे सगळ्यांदेखत उलगडतं. संशय दोन्हीकडे तोच. एकीकडे मढं निघतं, एकीकडे लग्न जमतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. यागोच्या पोटातला मत्सर आपल्याला काढता येणार नाही. पण त्याला कान न देणं आपल्या हातात आहे. गटात कुणाविषयी बोलायचं तर ती समोर असताना बोलूया. हप्त्याचा, कर्जाचा प्रश्न असेल तर नोंदवही सगळ्यांसमोर उघडूया. अर्धं बोलून थांबणारीला म्हणूया, 'बाई, पूर्ण सांग, आणि चल, तिच्यासमोरच सांग.' आणि आपल्याकडे एमिलियासारखं एखादं वाक्य असेल, एखाद्या सुनेवरचा, लेकीवरचा आळ पुसणारं, तर ते वेळेवर बोलूया. बाईच्या चारित्र्यावरचा संशय ही घरातली किरकोळ कुरबूर नाही, त्यात जीव जातात. कुणाला मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२ लावा.

येत्या बैठकीत रुमालाची गोष्ट एकमेकींना सांगा, आणि एमिलियाच्या जागी आपण काय केलं असतं ते बोला.