उचललेले गाणे



मांजरसुंब्यात अमेरिकेतल्या जॅझची उठाठेव कशाला, आणि तीही एका युनियनवाल्याने, असे काहींच्या मनात आले असेल. म्हणून सुरुवात कापसापासून करतो. तो आपल्या ओळखीचा आहे.

मिसिसिपी राज्यात १९२५ साली बी. बी. किंग जन्मला. लहानपणी त्याने दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, पुढे ट्रॅक्टर चालवला. त्या रानांतल्या काळ्या मजुरांचे गाणे म्हणजे ब्लूज. दुःख सांगायचे, पण भीक मागायची नाही, ही त्याची रीत. किंग एक ओळ गळ्याने म्हणे आणि तिचा जबाब गिटारने देई. गोंधळ्याला मागचा साथीदार देतो तसा. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ साली, त्याने लुई जॉर्डन याची १९४०च्या सुमाराची गाणी पुन्हा गाऊन सबंध तबकडी काढली. ती गाणी मूळची नाचायची, थट्टामस्करीची. म्हाताऱ्या गळ्यातून आली तेव्हा थट्टा राहिली, पण तिच्यामागचे आयुष्यही ऐकू येऊ लागले. नक्कल आणि नवनिर्मिती यांतला फरक तो हाच.

आपल्या मुंबईत असे काम फार आधी झाले. गोव्याचे वादक हॉटेलांतून स्विंग वाजवीत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, हा त्यांतला नामांकित ट्रंपेटवाला. १९५१च्या ‘अलबेला’त पुणतांब्याकडच्या सी. रामचंद्रांना त्याची साथ होती, आणि पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान नाचत होता. जॅझ हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता, त्यांचेही पाय तंबूतल्या सिनेमात ठेका धरू लागले.

पण मंडळी, माझा प्रश्न मजुरीचा आणि नावाचा आहे. तबकडीवर संगीतकाराचे नाव छापले जाई. मागे वाजवणारे हात बहुधा निनावी राहत. आले, वाजवले, पैसे घेतले, गेले. प्यारेलालांनी मात्र १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त आपल्या व्हायोलिनच्या गुरूचे, अँथनी गोन्साल्विसांचे, नाव गाण्यातच घातले आणि ते घरोघर पोचवले. किंगनेही आपल्या तबकडीच्या नावातच जॉर्डनचे नाव घातले.

आपल्या जिल्ह्यात उचल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. कोयता घेऊन जाणारा प्रत्येकजण ती अंगावर घेऊनच निघतो. गाणे हीसुद्धा एक उचल आहे. आधीच्याकडून घेतलेली, नाव घेऊन फेडायची. मुकादमाची उचल माणसाला वाकवते. ही उचल फेडणारा मात्र ताठ उभा राहतो.

आज फडावरच्या बायांची गाणी कुणीही मोबाइलवर टिपून नेतो. न्या, जरूर न्या. पण त्या बाईला विचारून न्या, खाली तिचे नाव लिहा, आणि त्यातून पैसा मिळाला तर तिचा वाटा तिच्या हातावर ठेवा. एवढे झाले तरी आजचे व्याख्यान कारणी लागले, असे मी समजेन.