परदेशातली मैत्री: स्वभाव आणि मांडणी



परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींविषयी आपण बोलतो तेव्हा प्रवेश, कर्ज, व्हिसा आणि नोकरी या चार गोष्टींपलीकडे सहसा जात नाही. आज मला पाचव्या गोष्टीविषयी बोलायचे आहे: तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांशी होणारी, किंवा न होणारी, मैत्री. उदाहरणासाठी मी जर्मनी घेतो. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे जवळजवळ ४९,५०० भारतीय विद्यार्थी शिकत होते. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट आता भारतीयांचा आहे. यातले कितीतरी जण दोन वर्षांनी उत्तम पदवी घेऊन बाहेर पडतात, पण ज्याच्या घरी सहज जाता येईल असा एकही जर्मन मित्र त्यांना मिळालेला नसतो. याची दोन कारणे नेहमी ऐकू येतात. एक, जर्मन माणसे थंड असतात. दुसरे, आपली मुले बुजरी असतात. दोन्हींत दोष कुणाच्या तरी स्वभावावर टाकला जातो, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून आपण तिथेच थांबतो. माझे म्हणणे असे, की मैत्री होणे न होणे हे स्वभावापेक्षा दिवसाच्या मांडणीवर अधिक अवलंबून असते. आपण कुठे राहतो, कुणाबरोबर काम करतो, दर आठवड्याला कुणाची गाठ पडते, यावर ते ठरते. आणि ही मांडणी बऱ्याच अंशी बदलता येते.

या म्हणण्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी या अमेरिकन संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला; तो १९५० साली प्रसिद्ध झाला. तिथे घरे आवडीनिवडी पाहून दिलेली नव्हती. तरीही मैत्री सर्वाधिक जुळली ती शेजारच्या दारात राहणाऱ्यांशी, आणि ज्यांची घरे जिन्याजवळ होती त्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही झाल्या. रोज सहज समोरासमोर येणे हेच मैत्रीचे पहिले भांडवल ठरले. अलीकडे, २०१८च्या सुमारास, कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, खऱ्या मैत्रीत व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग मैत्रीसाठी २००हून अधिक तास एकत्र जावे लागतात. हे आकडे अमेरिकेतले आहेत, जर्मनीत ते थोडे वेगळे असू शकतील. पण मैत्रीला तास लागतात आणि ते कुठून तरी यावे लागतात, हे सूत्र सगळीकडे लागू आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचे १९५४मधले म्हणणेही याला जोडून पाहायला हवे. दोन समाजगटांतला दुरावा नुसत्या भेटीगाठींनी कमी होत नाही. बरोबरीचे स्थान, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा असला, तर तो कमी होण्याची शक्यता वाढते.

आता हे मोजमाप जर्मन विद्यापीठाला लावून पाहा. आपल्याकडून जाणारे बहुतेक विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातात, आणि त्यातले पुष्कळसे इंग्रजी माध्यम निवडतात. अशा वर्गात परदेशीच जास्त असतात. म्हणजे जर्मन विद्यार्थी मुळात शेजारी क्वचितच बसतो. जो बसतो, तो बऱ्याचदा त्याच विद्यापीठातून पहिली पदवी घेऊन आलेला असतो. त्याचे मित्र आधीच जमलेले असतात. अनेक विद्यापीठे गावभर विखुरलेली असतात. पुष्कळ व्याख्यानांना हजेरीची सक्ती नसते. शनिवार-रविवारी अनेकजण आपापल्या गावी जातात. विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ नव्यांसाठी जो स्वागताचा आठवडा भरवते, तो बऱ्याच ठिकाणी जर्मनमध्येच चालतो. यात कुणीही कुणाला टाळलेले नसते. तरी सत्राच्या शेवटी एकत्र गेलेले तास शून्याजवळ असतात. ही गत एकट्या जर्मनीची नाही. एलिझाबेथ गॅराइस यांच्या २०१२च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ३८ टक्के परदेशी विद्यार्थ्यांनी आपल्याला एकही घट्ट अमेरिकन मित्र नसल्याचे सांगितले. अमेरिकन माणसाला तर कुणी थंड म्हणत नाही! मग कारण स्वभावाबाहेर शोधायला हवे.

तास मिळवायचे असतील, तर जर्मन माणूस आपला मोकळा वेळ कुठे घालवतो हे पाहावे लागेल. त्याचे उत्तर 'फेराइन' हे आहे. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. अशी सहा लाखांहून अधिक मंडळे त्या देशात आहेत: फुटबॉलची, गिर्यारोहणाची, समूहगायनाची, बुद्धिबळाची. बहुतेक गावांतले अग्निशमन दलसुद्धा स्वयंसेवकांवर चालते, आणि अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. जो जर्मन माणूस बसमध्ये शेजाऱ्याशी शब्द बोलत नाही, तोच दर मंगळवारी संध्याकाळी त्याच पंधरा जणांबरोबर गातो किंवा खेळतो. विद्यापीठांचे क्रीडावर्गही असतात आणि विद्यार्थ्यांना ते अल्प शुल्कात मिळतात. अभ्यासातही वाट आहे. गणित, भौतिकशास्त्र, संगणक अशा विषयांत दर आठवड्याची उदाहरणे अनेकदा दोघातिघांनी मिळून सोडवून द्यायची असतात. हिशेब करा: सत्रात पंधरा आठवडे व्याख्याने, आठवड्याला त्याच सोबत्याबरोबर दोन तास खेळ आणि चार तास उदाहरणे, म्हणजे ९० तास. हॉल यांनी सांगितलेला मैत्रीचा उंबरठा एका सत्रात गाठता येतो. राहण्याची जागा नीट निवडली तर हे आणखी सोपे. जर्मनीत तीन-चार विद्यार्थी मिळून एक घर भाड्याने घेतात आणि स्वयंपाकघर सामाईक ठेवतात. तिथे रोजचा अर्धा तास आपोआप जमा होतो. मात्र या प्रत्येक ठिकाणी भाषा लागते. पाच जर्मन मुले एका पाहुण्यासाठी इंग्रजीत बोलतात खरी, पण तो सौजन्याचा भाग असतो, आणि सौजन्य थकते. म्हणून निघण्यापूर्वी निदान बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येणे ही इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याचीही गरज आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. ही सोय हाताशी असताना केवळ व्हिसाला लागत नाही म्हणून भाषा टाळणे, हे मला नुकसानीचे वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मायेचा. परक्या थंडीत वरणभात आणि मराठी बोलणे मिळत असताना मुलांनी आपली माणसे सोडावीत काय? मुळीच नाही. स्टीफन बॉख्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तीन वर्तुळे दाखवली. देशबांधव मनाला आधार देतात आणि आपली संस्कृती जपतात, स्थानिक माणसे अभ्यासाच्या व व्यवहाराच्या वाटा उघडतात, आणि इतर देशांतले विद्यार्थी विरंगुळा व सोबत देतात. एका वर्तुळाचे काम दुसरे करू शकत नाही. आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५चे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत, म्हणजे तिघीही परदेशी. पण आनंदीबाईंना अमेरिकेत पाय रोवता आले ते न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरामुळे, आणि तो स्नेह जुळला होता पत्रांच्या दीर्घ देवाणघेवाणीतून, बोटीवर चढण्यापूर्वीच. महाराष्ट्र मंडळाचा गणपती जरूर करावा. पण आठवड्याच्या सातही संध्याकाळी एकाच वर्तुळात गेल्या, तर बाकीच्या दोन वर्तुळांचे काम पडून राहते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. आम्ही दार ठोठावू, पण आतल्याला आमचा रंगच नको असेल तर? हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. परकीयांच्या स्थलांतराला विरोध करणाऱ्या जर्मनीतल्या एएफडी पक्षाला २०२५च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत २०.८ टक्के मते मिळाली. परके नाव पाहून घर नाकारले जाणे, रस्त्यावर शेरे ऐकावे लागणे, या घटना खऱ्या आहेत. जो अपमान करतो त्याचा दोष अपमान सोसणाऱ्याच्या 'मिसळत नाही' या सवयीवर ढकलणे अन्याय आहे. तरीही यातून 'प्रयत्न व्यर्थ' असा निष्कर्ष निघत नाही. ऑलपोर्ट यांच्या अटी इथे उपयोगी पडतात: अनोळखी गर्दीपेक्षा ज्या संघात आपले स्थान बरोबरीचे आहे आणि काम सर्वांचे आहे, तिथे माणूस त्याच्या गटावरून कमी आणि कामावरून जास्त ओळखला जातो. आणि घाईने निकाल देऊ नये. नॉर्वेचे स्व्हेर्रे लिसगॉर यांनी १९५५मध्ये अमेरिकेत शिकून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला, तेव्हा सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची घडी सर्वांत विस्कटलेली दिसली. त्याहून जास्त राहिलेल्यांची पुन्हा बसलेली होती. आठव्या महिन्यात 'ही माणसेच अशी' असे म्हणणारा विद्यार्थी बहुधा त्या खोलगट टप्प्यात उभा असतो.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, डोक्यावर कर्ज असते; गाण्याला जायचे कधी? ही अडचण खरी आहे, म्हणून माझे सांगणे वेळ वाढवण्याचे नसून असलेला वेळ वळवण्याचे आहे. अभ्यास करायचाच आहे, तो मिश्र गटात करावा. अर्धवेळ काम करायचेच आहे, तर शक्य तिथे गोदामापेक्षा विभागातल्या साहाय्यकाचे काम शोधावे. बिअर न पिणाऱ्या किंवा मांस न खाणाऱ्या मुलामुलींनाही खेळ, गाणे आणि डोंगर ही ठिकाणे अधिक सोयीची. तिथे ताटात आणि पेल्यात काय आहे याला महत्त्व उरत नाही.

शेवटचा मुद्दा यजमानांचा. ऑलपोर्ट यांची चौथी अट संस्थेच्या पाठिंब्याची आहे, आणि ती एकटा विद्यार्थी पुरी करू शकत नाही. प्रयोगशाळेचे गट मिश्र करणे, स्वागताचा आठवडा दोन भाषांत घेणे, वसतिगृहात एका मजल्यावर एकाच देशाची मुले न ठेवणे हे विद्यापीठांचे काम आहे. शुल्क किंवा गुणवत्ता मिळवण्यासाठी जी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना बोलावतात, त्यांचे ते कर्तव्य आहे. हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपण यजमान म्हणून तसे वागू. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांनी पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांचे हाल पाहिले आणि १९७१मध्ये सिंबायोसिस उभी केली. म्हणजे एका मोठ्या शिक्षणसंस्थेचा उगमच या प्रश्नात आहे. आज पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून आणि ईशान्य भारतातून विद्यार्थी येतात. त्यांना खोली देताना आपण काय विचारतो, प्रकल्पाच्या गटात त्यांना कोण घेते, दिवाळीत त्यांना घरी कोण बोलावते, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे. आपल्या मुलांनी परदेशी निघण्यापूर्वी या विद्यार्थ्यांबरोबर एक सत्र अभ्यास केला, तर परक्या माणसाशी मैत्री कशी जुळते याचा सराव त्यांना घरीच होईल, आणि पाहुण्याच्या बाजूने ती किती अवघड असते हेही कळेल. पालकांना माझी विनंती एवढीच, की प्रवेशपत्र आल्यावर कर्ज आणि तिकीट यांच्याइतक्याच काळजीने या तीन गोष्टी ठरवाव्यात: भाषा कोणत्या पातळीपर्यंत शिकायची, कुणाबरोबर राहायचे, आणि पहिल्या महिन्यात कोणत्या मंडळात नाव घालायचे. पदवी विद्यापीठ देईल; पण ज्या समाजात दोन वर्षे काढायची तो समाज समजावून देणारा मित्र कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही, त्याच्यासाठी आठवड्यात जागा आपणच ठेवावी लागते.